कपाळाला हात

सेंट लुइस, २ मार्च १८७४

प्रिय हॅनी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी खाटेवर पालथा पडलो होतो, कारण उताणं झोपायची सोय नव्हती. डोक्याला मागच्या बाजूनं टाके घातले आहेत. घाबरू नकोस. आपल्या हनाफिनांची डोकी जाड असतात असं बाबा म्हणायचे, ते खरं निघालं.

माझी गस्त केरी पॅचमध्ये असते. नाव ऐकून तुला बरं वाटेल, पण आपल्या आयर्लंडातल्या केरीतली सगळी भांडखोर माणसं एका पोत्यात भरून इथे आणून ओतावीत तशी ही वस्ती आहे. परवा एका लग्नात नवरीच्या काकानं नवऱ्याच्या बापाला ‘सडका बटाटा’ म्हटलं आणि दोन्हीकडचे लोक काठ्या घेऊन रस्त्यावर आले. मी मध्ये पडलो. एका धटिंगणाच्या खांद्याचं हाड माझ्या सोट्यानं मोडलं, दुसऱ्याचे दात त्याच्याच शर्टावर सांडले. तेवढ्यात छपरावरून एका बाईनं वीट टाकली. वर म्हणते, “गाववाला असून राणीचा कुत्रा झालास, मेल्या!” इथे राणीच नाही हे तिला कोण सांगणार?

मॉरिस क्विल नसता तर हे पत्र तुला आलं नसतं. तो माझा गस्तीचा जोडीदार, केरीतल्याच ट्रालीचा. मी फरशीवर सोटा आपटला, आमची मदतीची हाक तीच, आणि तो धावत आला. माझ्या अंगावर आडवा पडून त्यानं लाथा खाल्ल्या. मग उठून म्हणतो, “जेर, लग्नाचं जेवण मात्र बुडालं आपलं.”

आई कशी आहे? आपला धाकटा दॅन काय करतो? त्याला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो टेबलाखालून चालत जायचा.

तुझा,
जेर

नॉकब्रॅक, ३० मार्च १८७४

जेर,

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं, म्हणजे मला हवं तेवढंच वाचलं. तू लाकडाच्या धंद्यात आहेस असं मी तिला सांगून ठेवलंय. सोटा लाकडाचाच असतो, तेव्हा पाप अर्धंच लागेल. डोक्याला टाके पडले ते फळी लागून. ती म्हणाली, “त्याला सांग, लाकूड बघून उचलत जा.”

पोलीस हा शब्द या घरात उच्चारायची सोय नाही. तू इथे नव्हतास. जमीनदारासाठी पोलीस घर रिकामं करायला आले त्या दिवशी बाबा फक्त उंबऱ्यात बसले होते. त्यांनी हातसुद्धा उचलला नव्हता. बंदुकीचा दस्ता कानामागे बसला आणि त्यानंतर ते आठवडाभर आम्हाला न ओळखता जगले आणि गेले. दॅन तेव्हा लहान होता. त्यानं सगळं पाहिलं.

आता तोच दॅन तुझ्याकडे येतो आहे. जमीनदाराचा माणूस शेजारच्या विधवेची गाय ओढून नेत होता, आपल्या दिवट्यानं फावड्याच्या दांड्यानं त्याचा जबडा फोडला. तो माणूस आता खाल्लेलं नाकातून काढतो म्हणे. दॅन दलदलीतल्या खड्ड्यात लपून आहे आणि मी त्याला ताक नि बटाटे पोचवते आहे. बोटीची सोय झाली.

एक लक्षात ठेव. बाबांचा चेहरा या घरात आता फक्त दॅनकडे उरलाय. तो तापट आहे, अबोल आहे, पण खोटा नाही. त्याला जिवंत ठेव, दुसरं काही मागत नाही. तो तुझ्या हवाली.

हॅनी

सेंट लुइस, २६ मे १८७४

प्रिय हॅनी,

पार्सल पोचलं. बाबांचाच चेहरा, बाबांचेच कान, आणि भूक मात्र दोन बाबांची.

स्टेशनावर मी गस्तीवरून तसाच गेलो होतो. धावत जाऊन मिठी मारायला हात पसरले, तर हा चार पावलं मागे. माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याचा खिसा कापणार होतो. “आधी तो कोट काढ,” म्हणाला. भर स्टेशनात मी कोट काढून हमालाच्या गाडीवर टाकला, तेव्हा कुठे पठ्ठ्या गळ्यात पडला आणि रडला. तू त्याला मी पोलीस आहे हे सांगितलं नव्हतंस, हो ना? हॅनी, तुझ्यासारखी तूच!

आता एकाच खोलीत राहतो. मी कोट खुंटीला लावला की तो खुर्ची उचलून दुसऱ्या भिंतीला नेतो. मॉरिसला याचं फार हसू येतं. तो रविवारी बायकोला घेऊन जेवायला येतो. दॅनला म्हणतो, “अरे, चावत नाही तो कोट!” त्याची बायको ॲबी दॅनला धाकट्या दिरासारखं जपते.

नदीच्या धक्क्यावर माल उतरवायचं काम मिळालंय त्याला. संध्याकाळ मात्र बॅट लेनिहानच्या गुत्त्यात जाते, ते मला आवडत नाही. लेनिहान म्हणजे एका कानाचा माणूस. दुसरा कान कुणी चावून नेला ते तो दर वेळी वेगळं सांगतो. वस्तीचा राजा म्हणवतो स्वतःला. मागच्या आठवड्यात धक्क्यावर दॅननं एका जर्मन हमालाला इतकं मारलं, की तिघांनी ओढून काढावं लागलं. जर्मन त्याला ‘बटाट्या’ म्हणाला होता. मी मॉरिसच्या मदतीनं प्रकरण मिटवलं. दॅननं मॉरिसचे आभार मानले, पण दारातून, टोपी हातात धरून.

काळजी करू नकोस. पोरगा सोन्यासारखा आहे, जरा धगधगतं सोनं.

तुझा,
जेर

नॉकब्रॅक, २१ जून १८७४

जेर,

दॅन पोचला हे ऐकून आईनं गुडघे टेकले ते तासभर उठेना. मग उठून सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं, “माझी दोन्ही पोरं एका छपराखाली आहेत!”

कोटाचं मनावर घेऊ नकोस. त्याला त्या कापडाचा तिटकारा आहे, लहानपणापासून. का म्हणून खोदून विचारत बसू नकोस. घरी आलास की कोट बाहेर जिन्यात टांग, झालं. भाकरी आपली आहे की नाही? मग ती कुठल्या भिंतीजवळ बसून खाल्ली याला महत्त्व नाही.

लेनिहानचं मात्र मनावर घे. जो माणूस आपल्या कानाची गोष्ट रोज बदलतो, तो कशाचीच गोष्ट खरी सांगणार नाही. दॅनला त्या गुत्त्यातून उचल. मारून उचल, पण उचल.

इथे जबडेवाल्याच्या भावांनी आपलं गवताचं छप्पर पेटवलं. पाऊस होता म्हणून अर्धंच जळलं. दॅनला हे कळवू नकोस, पोहत परत येईल.

हॅनी

सेंट लुइस, १० ऑगस्ट १८७४

हॅनी,

मॉरिस क्विल गेला. हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. आता एका दमात लिहितो.

वस्तीत एक सरकारी काम होतं. कसलं ते राहू दे. आम्ही पोलीस रांग करून गेलो, लोक आडवे आले. विटा, काठ्या, उकळतं पाणी. मी आणि मॉरिस खांद्याला खांदा लावून होतो. कुणीतरी मागून गाडीचा लोखंडी दांडा घातला. तो आवाज मी लिहू शकत नाही. मॉरिस माझ्या अंगावर कलला, आणि मी त्याचं डोकं धरायला गेलो तर धरायला मागची बाजूच नव्हती. वळून पाहिलं. तुडुंब गर्दी, आणि त्या गर्दीत हाताच्या अंतरावर आपला दॅन. हातात काठी, कोपरापर्यंत रक्त.

नंतर सगळी वस्ती मुकी झाली. आपली माणसं तुला माहीत आहेत. पोलिसाला नाव सांगणारा चुगलखोर, तो खुन्यापेक्षा नीच. कुणी काही पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी म्हणे डोळे मिटून मारामारी केली.

दुसऱ्या दिवशी मॉरिसच्या घरी त्याच्या प्रेताजवळ राखण बसली. त्याला पोलिसाच्या कोटातच ठेवलं होतं, गळ्यापर्यंत पितळी बटणं. वस्तीतले लोकही आले, कारण शेवटी तो केरीचा होता, आणि मेलेल्याशी वैर नसतं. लेनिहाननं व्हिस्की नि तंबाखू आणली. एकेक जण पुढे येऊन, वाकून, कपाळाला हात लावून जात होता. या रिवाजाबद्दल तुला काय सांगायचं? हात लावला की मेलेला स्वप्नात येत नाही. आणि ज्यानं मारलं तो कधी हात लावत नाही, कारण त्याच्या हाताखाली जखम पुन्हा वाहू लागते.

दॅन आला. प्रेताच्या पायाशी उभा राहिला, पांढराफटक. ॲबी म्हणाली, “ये रे दॅन, हात लाव त्यांना. तुझ्यावर फार जीव होता त्यांचा.” दॅन एक पाऊल पुढे आला. हात उचलला. आणि मग, हॅनी, त्यानं तो हात मागे घेतला आणि घराबाहेर निघून गेला. सगळ्यांनी पाहिलं. ॲबीनं माझ्याकडे पाहिलं.

मी खोलीवर गेलो. तो खाटेवर बसला होता. मी विचारलं, “हात का नाही लावलास?” तो उठला, माझ्या अंगावर येतोय असं मला वाटलं, आणि माझा सोटा आधी चालला. किती चालला ते मला माहीत नाही. त्याच्या नाकातोंडातून रक्त येत होतं आणि मी त्याला बाबांच्या नावानं शिव्या देत होतो.

मी त्याला चौकीवर नेऊन दिला. खटला होईल. न्यायाधीश आहे, कायदा आहे. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस ते मला लिही. नाहीतर नको लिहूस.

जेर

नॉकब्रॅक, २ सप्टेंबर १८७४

जेर,

हे पत्र हातात पडेल त्या क्षणी उठ आणि चौकीवर जा. बूट घालत बसू नकोस.

दॅननं तुझ्या मित्राला मारलं नाही. त्यानं हात लावला नाही, कारण तो लावूच शकत नव्हता. बाबांची शवपेटी उचलायच्या आधी आईनं दॅनचा हात पेटीवर ठेवला आणि शपथ घातली: हा हात पोलिसाच्या अंगाला लागणार नाही. हात मिळवायला नाही, मदतीला नाही, जिवंत असो वा मेलेला. लागला तर बाबांना पुन्हा मारल्यासारखं. तेव्हा तो काठीएवढा होता. तेव्हापासून त्यानं शपथ पाळली. एकदा ओढ्यात बुडणाऱ्या पोलिसाला त्यानं काठी पुढे केली, पण हात दिला नाही. म्हणूनच स्टेशनावर तो मागे सरला, गाढवा! तुला कोटासकट मिठी मारता येत नव्हती त्याला, आणि मारायची तर होती.

तुला मी हे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर आईला तुझ्या अंगावर आहे तसलं कापड किती ओंगळ वाटतं हेही लिहावं लागलं असतं. तुला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसले. आता बसले आहे कपाळाला हात लावून.

आणि ते सरकारी काम कसलं रे? तू लिहायचं टाळलंस म्हणजे मला कळलं. कुणाची घरं पाडायला गेला होतात? उंबऱ्यात कोण बसलं होतं?

चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. न्यायाधीशाला शपथेचं सांग. फादरकडून मी दाखला लिहून घेतलाय, सोबत आहे. आईला काही कळलेलं नाही. ती रोज विचारते, दोघे जेवतात ना वेळेवर? मी म्हणते, हो.

त्याला जिवंत ठेव, असं मी लिहिलं होतं. पुन्हा लिहिते.

हॅनी

सेंट लुइस, २८ सप्टेंबर १८७४

हॅनी,

तुझं पत्र मी दॅनला वाचून दाखवलं. तेवढ्यापुरता तो जिवंत होता.

सगळं सांगतो, लपवून आता काय मिळणार आहे? आम्ही झोपड्या पाडायलाच गेलो होतो. जमीन कुणा मोठ्या माणसाला हवी होती. एका म्हाताऱ्याला मी स्वतः खुर्चीसकट उचलून रस्त्यावर ठेवलं. दॅन त्याच्याच दारात उभा होता. त्याच्या हातांवरचं रक्त त्या म्हाताऱ्याचं होतं. मॉरिसपासून तो इतका जवळ होता, कारण मला वार लागू नये म्हणून काठी घेऊन माझ्या मागे मागे येत होता. हे त्यानंच सांगितलं.

चौकीवर त्याला तळघरात नेलं. खटल्यापर्यंत कुणी थांबलं नाही. मॉरिस सगळ्यांचा लाडका होता आणि मीच म्हणालो होतो की हाच तो. मी वर बाकावर बसलो होतो. खालचं वर ऐकू येतं. एकदा मी जिन्यापर्यंत गेलो. सार्जंट म्हणाला, “बस, हनाफिन. तू तुझं काम केलंस.” आणि मी बसलो. मी बसलो, हॅनी! बरगड्या आत गेल्या होत्या त्याच्या. तुरुंगाच्या दवाखान्यात तो महिनाभर रक्त ओकत पडला होता, आणि मी त्याला भेटायला एकदाही गेलो नाही. तुझं पत्र घेऊन गेलो तो पहिल्यांदा.

कोट बाहेर टाकून आत गेलो. पत्र वाचलं. म्हणालो, “तोंड नव्हतं का तुला? मी विचारलं होतं ना?”

तो म्हणाला, “सांगायलाच उठलो होतो.”

मी विचारलं, कुणी मारलं ते पाहिलंस का? तर हसला. बाबांसारखाच, एका बाजूनं. “पाहिलं. पण पोलिसाला नावं सांगायची नसतात, जेर. घरात तुझ्यासारखा एक आहे तेवढा पुरे.” मग त्यानं माझा हात धरला. कोट नव्हता ना अंगावर. संध्याकाळच्या आत गेला.

त्याला पुरून येताना गुत्त्याच्या दारात लेनिहान उभा होता. भरदुपारी, सगळ्या लोकांसमोर म्हणतो, “वाईट झालं हो. मी तर क्विलच्या कपाळाला दोन्ही हात लावले होते. आला का एक तरी थेंब?” आणि डोळा मारला. हॅनी, त्या डोळ्यात आता काही उरलेलं नाही. बाटलीचं बूड होतं माझ्या हातात. त्याच्या उरलेल्या कानाचीही आता वेगळी गोष्ट सांगता येईल त्याला. मी त्याला मारून टाकणार होतो, पण ॲबी कुठूनशी आली आणि माझ्या अंगावर पडली. म्हणाली, “पुरे झाली प्रेतं.”

मी कप्तानाला सगळं सांगितलं, फादरचा दाखला दाखवला. तो म्हणाला, खुनी सापडला आणि मेला, प्रकरण बंद. मी बिल्ला त्याच्या टेबलावर फेकला.

आता मला इथे कुणी नाही. पॅचमध्ये मी भावाला विकणारा, चौकीत मी फितूर. मी घरी येतो. मजुरी करीन, छप्पर शाकारीन, आईच्या पायाशी बसून सगळं सांगीन. तिनं मारलं तरी चालेल. फक्त ‘ये’ एवढं लिही.

जेर

नॉकब्रॅक, २२ ऑक्टोबर १८७४

जेर,

येऊ नकोस.

तुझं पत्र आलं तेव्हा आई समोरच होती. माझा चेहरा तिला दिसला. तेव्हा सांगावंच लागलं. मी म्हणाले, तुमच्या नदीत एका आगबोटीचा वाफेचा बंब फुटला, आणि दॅन पाण्यात पडला, आणि जेरनं त्याच्यामागे उडी मारली. दोघंही वर आले नाहीत. तोंडाला आलं ते बोलले. मग मला कळलं की यापेक्षा बरं मला सुचलंच नसतं.

तिनं विचारलं, “जेरनं उडी मारली?” मी म्हणाले, हो. “एक क्षणही थांबला नाही?” मी म्हणाले, नाही.

गाव लोटलं होतं. प्रेतं नव्हती म्हणून दोघांचे जुने सदरे टेबलावर शेजारी शेजारी पसरले होते. बायका रात्रंदिवस रडल्या. आई दॅनसाठी रडली, पण तुझ्यासाठी जास्त रडली, कारण तू उडी मारली होतीस. फादरला खरं माहीत होतं, तरी तेही रडले. मीही रडले, आणि ते खोटं नव्हतं. मला हवा होता तो भाऊ मी त्या टेबलावर रडून घेतला. आता माझ्याकडे तुझ्यासाठी शिवीसुद्धा उरलेली नाही.

आई हळूहळू खायला लागली आहे. आल्यागेल्याला सांगते, “माझ्या थोरल्यानं धाकट्याला एकटं जाऊ दिलं नाही.” तेवढ्यावर ती जगते आहे. ते मी तुला काढून घेऊ देणार नाही.

तेव्हा पत्र पाठवू नकोस, पैसे पाठवू नकोस, कुणाजवळ निरोप देऊ नकोस. तुझं अक्षर दारात आलं तर ती दॅनच्याही पत्राची वाट बघायला लागेल.

हॅनी